नोकरी सांभाळून थिअरॉटिकल फिजिक्स: कोणती पुस्तकं, कोणत्या क्रमानं?

मिहान_ते_मॅनिफोल्ड

नमस्कार मंडळी. मेकॅनिकलमध्ये बीई, सध्या नागपुरातच मिहान औद्योगिक क्षेत्रात सॉफ्टवेअरची नोकरी. आठवड्याला दहा-बारा तास काढता येतात. क्वांटम मेकॅनिक्स आणि जनरल रिलेटिव्हिटी समीकरणांसकट समजून घ्यायची आहे. जाम, नेट, जेस्ट या प्रवेश-पात्रता परीक्षांपैकी काही द्यायचं नाही, त्यामुळे घाई नाही.

तयारी म्हणाल तर एम-१ ते एम-३ (इंजिनिअरिंगचं गणित) पास, पण लाप्लासचे तक्ते पाठ करून. जेईईच्या वेळचं एच. सी. वर्मा बऱ्यापैकी झालेलं. गोल्डस्टीनचं 'क्लासिकल मेकॅनिक्स' उघडलं तर दुसऱ्या प्रकरणात गाडी अडली. नेटवर याद्या ढिगानं आहेत, पण एकेका विषयाला सात-आठ पुस्तकं, आणि कोणतं कोणासाठी हे कुठंच नाही. बर्डीवरच्या (सीताबर्डी) पुस्तकांच्या दुकानांत पाहिलं तर नीट-जेईई आणि एमपीएससीच जास्त.

प्रश्न असे: आधी सगळं गणित संपवायचं की फिजिक्सबरोबर करायचं? पुस्तक आपल्याला झेपेल की नाही हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं? रुडिनचं अ‍ॅनालिसिसचं पुस्तक लागतंच का? आणि जुन्या आवृत्त्या चालतील का?

---

सावजी_हॅमिल्टनियन

याद्या बाजूला ठेवा. एका विषयाला एक मुख्य पुस्तक आणि एक जोडीला, बस.

पारखायचं कसं ते आधी. प्रस्तावना वाचू नका, सगळ्याच प्रस्तावनांत लिहिलेलं असतं की थोडं कॅल्क्युलस आलं म्हणजे पुरे. सरळ तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाच्या शेवटचे दहा प्रश्न काढा. दोन-तीन लगेच सुटले, चार-पाच घाम काढतायत आणि उरलेल्यांत निदान विचारलंय काय ते कळतंय, तर पुस्तक तुमच्या मापाचं. प्रश्नाचं वाक्यच कळत नसेल तर अजून वेळ आहे. दहाही पटापट सुटले तर पैसे वाचवा. आणि ज्या पुस्तकाला प्रश्नच नाहीत ते मुख्य पुस्तक होऊ शकत नाही. फाइनमनची व्याख्यानं कॅलटेकच्या साइटवर फुकट वाचता येतात आणि वाचावीतच, पण प्रकरणाखाली सोडवायला काही नाही. ती जोडीला.

सुरुवात मेकॅनिक्सपासून करा, पण गोल्डस्टीनपासून नको. जॉन टेलरचं 'क्लासिकल मेकॅनिक्स' (२००५) घ्या. सोळा प्रकरणं आहेत. पहिली चार तुमची बीईत झालेली, झरझर घ्या. पाचवं ऑसिलेशन्स, सहावं कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स, सातवं लग्रांज, आठवं दोन वस्तूंची केंद्रीय गती. हा भाग म्हणजे पुस्तकाचा गाभा, इथं मुक्काम करा. दहावं (रिजिड बॉडी) आणि अकरावं (कपल्ड ऑसिलेटर) आयगेनव्हॅल्यूंसाठी हवेत. तेरावं, हॅमिल्टनियन, लोक गाळतात आणि मग क्वांटममध्ये एच अचानक कुठून आला म्हणून चाचपडतात. ते गाळू नका. प्रश्नांना एक ते तीन तारे आहेत, विषम क्रमांकांची उत्तरं मागे आहेत. एकट्यानं शिकणाऱ्याला याचं मोल फार. तुमच्या तासांत पाच-सहा महिने धरा.

सातव्या प्रकरणानंतर स्वतःची परीक्षा: दुहेरी लंबकाचा लग्रांजियन (गतिज ऊर्जा वजा स्थितिज ऊर्जा) पुस्तक मिटून लिहा. हमखास चूक इथं होते की खालच्या गोळ्याचा वेग वरच्या गोळ्याच्या सापेक्ष घेतला जातो आणि दोन कोनांच्या फरकाच्या कोसाइनचं मधलं पद गळतं. बरोबर रीत म्हणजे दोन्ही गोळ्यांचे एक्स आणि वाय टांगलेल्या बिंदूपासून लिहायचे, मग डेरिव्हेटिव्ह, मग वर्ग. ताळा असा करा: दोन्ही कोन आणि त्यांचे वेग सारखे ठेवा. आता खालचा गोळा एका सरळ काठीच्या टोकाला असल्यासारखा आहे, लांबी दोन्हींच्या बेरजेएवढी. बेरजेचा वर्ग केला की मधलं पद आलंच पाहिजे. तुमच्या उत्तरात नसेल तर मागे जा.

गणित आधी संपवायचं ठरवलंत तर फिजिक्सचा मुहूर्त कधीच लागणार नाही. मेरी बोआसचं 'मॅथमॅटिकल मेथड्स इन द फिजिकल सायन्सेस' (तिसरी आवृत्ती, २००५) घ्या आणि ते फिजिक्सच्या एक पाऊल पुढे ठेवा. टेलरबरोबर बोआसची २, ३, ४, ८ आणि ९ ही प्रकरणं: कॉम्प्लेक्स नंबर, लिनिअर अल्जिब्रा, पार्शियल डेरिव्हेटिव्ह, साधी डिफरन्शियल समीकरणं, व्हेरिएशन्स. तिसरं प्रकरण टेलरच्या दहाव्याच्या आत झालं पाहिजे. इलेक्ट्रोडायनॅमिक्सबरोबर ५, ६ आणि १३. क्वांटमच्या आधी ७ आणि १२, म्हणजे फुरिए आणि लेजांद्र-बेसल मंडळी. चौदावं, कॉम्प्लेक्स फंक्शन्स, त्यानंतर सवडीनं.

मग ग्रिफिथ्सचं 'इंट्रोडक्शन टू इलेक्ट्रोडायनॅमिक्स'. पहिलं व्हेक्टरचं प्रकरण येतं म्हणून सोडू नका. आर-हॅट (केंद्रापासून बाहेरची एकक दिशा) भागिले आर-वर्ग याचा डायव्हर्जन्स काढा. गोलीय सूत्रानं शून्य येतो. त्याच क्षेत्राचा गोलावरचा फ्लक्स काढा, चार पाय (४π) येतो, त्रिज्या कितीही घ्या. डायव्हर्जन्स थिअरम मोडला की काय असं वाटतं, पण शून्य आलेलं उत्तर केंद्रबिंदू सोडून बाकी ठिकाणीच खरं आहे, सगळा माल त्या एका बिंदूवर आहे. डिरॅक डेल्टा तिथूनच येतो. हे हातानं केलं नाही तर दुसऱ्या प्रकरणात गाउसचा नियम नुसता पाठ होतो. या पुस्तकात मागे उत्तरं नाहीत, हा मोठा अवगुण, म्हणून ताळे करायची सवय टेलरपासूनच लावा.

क्वांटमसाठी ग्रिफिथ्सचं पुस्तक की शंकरचं, यावर इथं भांडणं होतात. माझं मत शंकर. पहिलं प्रकरण पूर्ण गणिताचं, दुसरं क्लासिकल मेकॅनिक्सची उजळणी, म्हणजे टेलरमधून आलेल्या माणसाला रस्ता सलग लागतो. ग्रिफिथ्स लवकर गणितं सोडवायला लावतो, पण डिरॅकची (ब्रा-केटची) भाषा उशिरा आणतो.

---

एप्सिलॉन_ताई

फिजिक्सचं वर आलंच आहे, मी गणितापुरतं लिहिते.

रुडिन पहिलं पुस्तक म्हणून नको. पुस्तक उत्तम आहे, पण ज्यानं आधी शे-दोनशे सिद्धता लिहिल्या आहेत त्याच्यासाठी. दुसऱ्याच प्रकरणात कॉम्पॅक्टनेस येतो आणि तो का हवा हे पुस्तक सांगत बसत नाही. अ‍ॅबटचं 'अंडरस्टँडिंग अ‍ॅनालिसिस' किंवा बार्टल-शेर्बर्ट घ्या. टेरेन्स टाओचं 'अ‍ॅनालिसिस' आपल्याकडे हिंदुस्थान बुक एजन्सीनं काढलं आहे, दोन भाग. ते पेआनोच्या नियमांपासून सुरू होतं आणि वास्तव संख्या पाचव्या प्रकरणात येतात. पाया पक्का होतो, पण तुमची घाई नसली तरी धीर सुटू शकतो. अजित कुमार आणि कुमरेसन यांचं 'अ बेसिक कोर्स इन रिअल अ‍ॅनालिसिस' हेही पाहा, सिद्धता सुचते कशी हे त्यात मोकळेपणानं लिहिलंय.

झेपतंय का याची कसोटी: शून्य ते एक या बंद अंतरावरचं सलग फलन बाउंडेड असतं, हे न पाहता सिद्ध करा. लिहून झालं की स्वतःच्याच सिद्धतेत 'अंतर बंद आहे' हे नेमकं कोणत्या ओळीत वापरलं त्याखाली रेघ मारा. ती ओळ सापडली नाही तर सिद्धता चुकली आहे, कारण तीच सिद्धता मग उघड्या अंतरावरच्या एक भागिले एक्सलाही लागू पडेल, आणि ते फलन तर बाउंडेड नाही.

मात्र तुमचे पहिले शंभर तास अ‍ॅनालिसिसवर नाही, लिनिअर अल्जिब्रावर घाला. शेल्डन अ‍ॅक्सलरच्या 'लिनिअर अल्जिब्रा डन राइट'ची चौथी आवृत्ती त्यांच्या साइटवर अधिकृतपणे फुकट आहे. क्वांटमसाठी हीच नजर लागते: व्हेक्टर स्पेस, ऑपरेटर, स्पेक्ट्रल थिअरम. पण डिटर्मिनंट त्यांनी शेवटी ढकलला आहे आणि फिजिक्समध्ये तो पहिल्या महिन्यातच लागतो, आयगेनव्हॅल्यू हातानं काढायलाही आणि जेकोबियनलाही. म्हणून जोडीला गिल्बर्ट स्ट्रँग, एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवरची १८.०६ ही व्याख्यानमाला प्रश्नसंचांसकट फुकट आहे.

दोन्हीकडची पुस्तकं एकत्र वाचताना एक गोष्ट फार छळते. अ‍ॅक्सलर धरून बरेच गणितवाले इनर प्रॉडक्ट पहिल्या जागेत लिनिअर घेतात, फिजिक्सवाले दुसऱ्या जागेत. बेसिसमधले सहगुणक काढताना त्यामुळे कॉन्जुगेट चुकीच्या बाजूला जातो. वास्तव संख्यांच्या उदाहरणांत चूक दिसतच नाही, स्पिनच्या प्रकरणात आली की सापडत नाही. तसंच गोलीय निर्देशकांचं. ग्रिफिथ्समध्ये थीटा झेड अक्षापासून मोजतात, कॅल्क्युलसच्या बऱ्याच पुस्तकांत तो कोन फाय असतो आणि थीटा आडवा फिरतो. फुरिएमध्ये दोन पायचा भागाकार कुठं ठेवलाय हेही प्रत्येकाचं वेगळं. वहीच्या पहिल्या पानावर पुस्तकवार लिहून ठेवा.

मग खरं अ‍ॅनालिसिस लागतं कुठं? एक उदाहरण देते. शून्य ते एल या डब्यात कण आहे, दोन्ही टोकांना वेव्हफंक्शन शून्य. मोमेंटम ऑपरेटर म्हणजे वजा आय एच-बार गुणिले डी बाय डीएक्स. भाग पाडून इंटिग्रेट केलं की तो सिमेट्रिक दिसतो, कारण टोकाची पदं उडतात. आता त्याचं आयगेनफंक्शन शोधा. ई-चा-आयकेएक्स घात दोन्ही टोकांना शून्य होऊच शकत नाही. एकही सापडत नाही! ऊर्जेला मात्र व्यवस्थित आयगेनव्हॅल्यू आहेत. कारण सिमेट्रिक आणि सेल्फ-अ‍ॅडजॉइंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फरक डोमेनमध्ये, म्हणजे ऑपरेटर कोणत्या फलनांवर चालवायचा त्यात आहे. टोकांच्या किमती एका फेजनं जोडल्या तर ऑपरेटर सेल्फ-अ‍ॅडजॉइंट होतो, दोन्ही शून्य ठेवल्या तर नाही. हे नीट समजायचं तर ब्रायन हॉलचं 'क्वांटम थिअरी फॉर मॅथमॅटिशियन्स' (२०१३), आणि ते वाचायला अ‍ॅनालिसिस लागतं. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. शंकर पहिल्यांदा वाचताना याच्यासाठी थांबू नका.

---

बर्डीवाला

भाऊ, जुनी आवृत्ती बिनधास्त घ्या, पण काय घेऊन राहिलो ते उघडून पाहा.

जॅक्सनचं इलेक्ट्रोडायनॅमिक्स सेकंडहँड मिळालं तर तिसरी आवृत्ती (१९९८) आहे का ते पाहा. तिच्यात पहिली दहा प्रकरणं एसआय युनिटमध्ये आणि अकराव्यापासून गाउसियन. आधीच्या आवृत्त्या अख्ख्या गाउसियन. ग्रिफिथ्सवरून थेट तिकडे गेलं की चार पाय एप्सिलॉन-नॉट गायब आणि जिथंतिथं सी येऊन बसते, माणूस म्हणते आपलंच चुकलं. पर्सेलच्या विद्युत-चुंबकत्वाच्या पुस्तकाचं तसंच, दुसरी आवृत्ती गाउसियन, मोरिननं केलेली तिसरी (२०१३) एसआय.

ग्रिफिथ्स क्वांटमची तिसरी आवृत्ती (२०१८) दुसरीपेक्षा बरीच वेगळी. सिमेट्रीचं प्रकरण नवं घुसवलं, प्रश्नांचे नंबर सरकले. उत्तरं एका आवृत्तीची आणि पुस्तक दुसरीचं असलं की रात्रभर डोकं खाजवत बसा बाप्पा.

इलेक्ट्रोडायनॅमिक्सच्या ग्रिफिथ्सची झेरॉक्स तर घेऊच नका. त्यात एक साधा आर आहे आणि एक वळणदार आर, वळणदार म्हणजे चार्जपासून बिंदूपर्यंतचं अंतर. पुसट प्रतीत दोन्ही सारखेच दिसते, आणि दुसऱ्या प्रकरणाचं प्रत्येक इंटिग्रल चुकते. कमी किमतीची भारतीय आवृत्ती असते तिचा कागद पातळ, पण अक्षर स्वच्छ. तिच्यात फक्त प्रश्न मूळ आवृत्तीचेच ठेवले का ते अनुक्रमणिकेसोबत ताडून घ्या.

विद्यापीठाच्या किंवा ओळखीच्या कॉलेजच्या लायब्ररीत बसून सावजीभाऊनं सांगितलेली दहा प्रश्नांची परीक्षा आधी करा. मेच्या उन्हात बर्डीवर चकरा मारण्यापेक्षा बरं.

---

लांडाउभक्त

टेलर आठशे पानांच्या घरात आहे. लांडाउ-लिफशिट्झचं 'मेकॅनिक्स' पावणेदोनशेच्या आत संपतं आणि सगळं सांगतं. बीई झालेल्या माणसाला टेलर कशाला? पाचव्या परिच्छेदाखालचा पहिलाच प्रश्न सावजींचा दुहेरी लंबक आहे, उत्तरासकट.

---

सावजी_हॅमिल्टनियन

@लांडाउभक्त, उत्तरासकट आहे हीच अडचण. प्रश्नाखाली लगेच उत्तर, डोळा घसरतोच. कागदानं झाकून वाचावं लागतं. आणि चौथ्या परिच्छेदापर्यंत मुक्त कणाचा लग्रांजियन अवकाशाची एकसंधता, दिशांची समानता आणि गॅलिलिओचं तत्त्व यांवरून काढून मोकळे होतात. ज्याला लग्रांजियन काय असतो हे आधीच ठाऊक आहे त्याला ते बघून आनंद होतो. नवख्याला त्यात गृहीत काय धरलं आणि सिद्ध काय केलं हेच वेगळं दिसत नाही. टेलरचं सातवं प्रकरण झालं की लांडाउचे पहिले दहा परिच्छेद वाचा, टेलरचं तेरावं झालं की लांडाउचं सातवं प्रकरण, कॅनॉनिकल समीकरणांचं. तेव्हा पावणेदोनशे पानांची किंमत कळते.

---

मिहान_ते_मॅनिफोल्ड

सगळ्यांचे आभार, टेलर आणि बोआस ठरलं. अजून दोन शंका. गोल्डस्टीनमध्ये मी २.४ मध्ये अडकलो होतो, लग्रांज मल्टिप्लायर आणि नॉनहोलोनॉमिक अटी (वेगावरच्या, ज्या फक्त जागेवरच्या अटींत बदलता येत नाहीत). तो भाग टेलरनंतर कळेल का? आणि उत्तर कधी बघायचं?

---

एप्सिलॉन_ताई

गोल्डस्टीनची तिसरी आवृत्ती असेल (पूल आणि साफ्को यांच्यासह, २००२), तर तो भाग कळला नाही हे बरंच झालं. वेगावर अवलंबून असलेल्या अटी त्यात मल्टिप्लायर लावून थेट अ‍ॅक्शनच्या इंटिग्रलमध्ये घातल्या आहेत, जणू त्या साध्या होलोनॉमिक अटीच आहेत. सर्वसाधारण नॉनहोलोनॉमिक अटींना ही रीत चालत नाही, निघणारी समीकरणं न्यूटनशी जुळत नाहीत. फ्लॅनरी यांनी २००५ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये हे सविस्तर मांडलं आहे. बरोबर रस्ता दालांबेरचा: अट आभासी विस्थापनांवर लावायची आणि मल्टिप्लायर गतीच्या समीकरणांत आणायचा. आपल्याकडचं राणा आणि जोग यांचं 'क्लासिकल मेकॅनिक्स' अटींचे प्रकार समजायला जोडीला ठेवा, टेलरनंतर.

उत्तराबद्दल: अर्धा-पाऊण तास झटून अडलात तर उत्तराची पहिली ओळ फक्त बघा, झाका, पुन्हा सुरू करा. पूर्ण उत्तर वाचलं तर तो प्रश्न आठवड्यानं कोऱ्या कागदावर परत. वाचताना सगळं पटतं, पण सुरुवात कुठून करायची हे वाचून येत नाही.

---

सावजी_हॅमिल्टनियन

तुम्ही सॉफ्टवेअरवाले आहात, त्याचा फायदा घ्या. जिथं उत्तर नाही तिथं पायथनमध्ये गती सोडवून ऊर्जा टिकते का पाहा. पण साधी ऑयलर रीत वापरू नका. हार्मोनिक ऑसिलेटरवर ती प्रत्येक पावलाला ऊर्जा 'एक अधिक (ओमेगा गुणिले पाऊल) याचा वर्ग' इतक्या पटीनं फुगवते. ओमेगा १ आणि पाऊल ०.०१ घेतलं तरी हजार पावलांत ऊर्जा दहा टक्क्यांहून जास्त वाढते, आणि तुम्ही लग्रांजियनमधली चूक शोधत बसता. चौथ्या ऑर्डरची रुंगे-कुट्टा किंवा लीपफ्रॉग घ्या. पाऊल निम्मं केल्यावर ऊर्जेतली चूक भराभर कमी झाली तर ती गणनेची, तशीच राहिली तर तुमच्या समीकरणाची.

रिलेटिव्हिटीचं राहिलं. ग्रिफिथ्सचं बारावं प्रकरण झालं की शुट्झचं 'अ फर्स्ट कोर्स इन जनरल रिलेटिव्हिटी', टेन्सर सावकाश उभे करतो. मग शॉन कॅरल, त्यांच्या १९९७ च्या नोट्स अर्काइव्ह (arXiv) या साइटवर फुकट आहेत. या तिघांतही मेट्रिकमध्ये (अंतर मोजायच्या सूत्रात) काळाच्या पदाला वजा चिन्ह आहे, म्हणून हाच क्रम. लांडाउंच्या 'क्लासिकल थिअरी ऑफ फील्ड्स'मध्ये काळ अधिक आणि अवकाश वजा, ते मध्येच उघडलं तर निम्मी समीकरणं उलटी दिसतील. वाइनबर्गच्या ग्रॅव्हिटेशनमध्ये तर मेट्रिक कॅरलसारखीच, पण रीमान टेन्सरचं चिन्ह उलट. मिस्नर-थॉर्न-व्हीलरच्या सुरुवातीलाच चिन्हांचा तक्ता आहे, कोण काय वापरतो त्याचा. पुस्तक न घेतलंत तरी लायब्ररीत जाऊन तेवढं पान उतरवून घ्या.

---

मिहान_ते_मॅनिफोल्ड

आणि आर्फकेनचं गणिती पद्धतींचं पुस्तक? प्रत्येक यादीत आहे.

---

बर्डीवाला

आर्फकेन शिकायला नाही, शोधायला. बेसलचं एखादं सूत्र हवं असलं की उघडा, बाकी वेळ कपाटात. बोआसचे प्रश्न कमी पडले तर रायली-हॉब्सन-बेन्स घ्या, विषम नंबरच्या प्रश्नांना प्रकरणाच्या शेवटी इशारे आणि उत्तरं आहेत. दोन्ही सोबत घेऊ नका, एकही पुरं होत नाही.